बिनभिंतीचं ठाणं

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या गवताळ माळावर दीडशे वर्षांपूर्वी एक लहानसं लष्करी ठाणं होतं. त्यात पावाची भट्टी कोणत्या बाजूला, दवाखाना कुठे, धुणं धुणाऱ्या बायकांच्या झोपड्या कुठे, हे सगळं ठाणेदार गुरुजी डोळे मिटून सांगत. हिवाळ्यात वारा कुठून सुटतो तेही सांगत. हा माणूस स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. मूळ ढाणकीचे, घरी भाऊ कापूस आणि तूर पिकवत, आणि हे झरी जामणी तालुक्यात जंगलातल्या एका कोलाम पोडावर दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक. पोड म्हणजे चाळीस-पन्नास घरांची वस्ती. त्या वस्तीत बसून त्यांनी अमेरिका पाठ केली होती. मी तिथे दुसरी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटलं, एकटेपणानं या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

हे वेड एका पुस्तकातून आलं होतं. यवतमाळला डी.एड. करत असताना त्यांना रद्दीच्या दुकानात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सापडला, सुरुवातीची पानं गेलेला. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या लहान लहान ठाण्यांचे नकाशे आणि हकिकती त्यात होत्या. घेतला चित्रांसाठी, आणि मग शब्दकोश मांडीवर ठेवून एकेक शब्द लावत दोन वर्षांत वाचून काढला. त्यांचं सगळं इंग्रजी या एका पुस्तकातलं. त्यामुळे खेचराच्या खोगिराला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना येई, आणि टूथपेस्टचं स्पेलिंग मात्र ते मला विचारत. तालुक्यातले शिक्षक त्यांना मागून ‘ठाणेदार’ म्हणून हसत. गुरुजींना ते माहीत होतं आणि मला वाटतं, आतून ते नाव त्यांना आवडतही होतं.

ऑफिसातल्या टेबलावर त्यांनी त्या ठाण्याची प्रतिकृती करून ठेवली होती. तुराट्यांच्या भिंती, वर मातीची छपरं, मधे कवायतीचं चौकोनी मैदान, एका अंगाला शिपायांच्या बराकी, समोर अधिकाऱ्यांची घरं. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, गुरुजी, झकास झालंय, पण तटबंदी करायची राहिली की. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “साहेब, भिंत सिनेम्यात असते. खऱ्या ठाण्यायले बहुतेक जागी भिंत नव्हतीच. चारी अंगानं गवत. मोकळ्यावर बसून राहाले हिंमत जास्त लागते.” मग साहेबांना पाऊण तास खुर्चीतून उठता आलं नाही. पट तपासायचा राहून गेला तो राहूनच गेला.

मी बाभुळगावची. वडील तहसील कचेरीत कारकून, पंख्याखाली वाढलेलं आमचं घर. पोडावर रुजू झाले त्याच्या तिसऱ्याच दिवशी शाळेच्या मागे जाऊन मनसोक्त रडले. मोबाईलला रेंज नाही, बोलायला माणूस नाही, वर्गातली मुलं तोंड उघडत नाहीत. गुरुजी आले ते हातात कुदळ आणि कागदाच्या पुडीत मेथीचं बी घेऊन. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, “मॅडम, ठाण्यात माणूस गोळीनं कमी मेला. रिकामपणानं अन्‌ भाजीपाला न भेटल्यानं जास्त मेला. आधी वाफा करा, मंग रडा.” मला इतका संताप आला की त्या रागात मी चार वाफे उकरले. मेथी वर आली तेव्हा रडायचं कुठवर आलं होतं ते मला आठवेना.

त्यांच्या खिशात कायम एक शिट्टी असे. ठाण्यात म्हणे सगळा दिवस बिगुलावर चाले: उठायचा बिगुल वेगळा, पाण्याला जायचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा. गुरुजींनीही शिट्टीच्या सात तऱ्हा ठरवल्या होत्या. एक लांब शिट्टी म्हणजे परिपाठ, दोन आखूड म्हणजे हात धुणे, आणि लांब-आखूड-लांब वाजली की नखं दाखवायची. मुलं सोडाच, पोडावरची माणसंही त्या शिट्टीवरून वेळ ओळखत. बदल्यांच्या काळात गुरुजींच्या जागी यायला कोणी तयार नसे, आणि हेही जाण्याचं नाव काढत नसत. अशी वीस वर्षं गेली होती. त्या वीस वर्षांत शाळा एक दिवसही विनाकारण बंद राहिलेली नव्हती. माझ्यासारखीला, जी पहिल्या आठवड्यातच बदलीच्या अर्जाचा मसुदा पर्समध्ये घालून हिंडत होती, ही गोष्ट खोटीच वाटे.

तो मसुदा त्यांनी पाहिला होता. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी पळून गेलेल्या शिपायांची गोष्ट काढली. ठाण्यांतून माणसं सतत पळत. कितीतरी जण तर नुकतेच आयर्लंड-जर्मनीहून पोट भरायला आलेले, काहींना इंग्रजीही धड येत नव्हतं. गुरुजी म्हणाले, पळणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही, आपण इथं कशाला आलो हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मी तोऱ्यात विचारलं, मग तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, मला सांगावं लागलं नाही, मी या लेकरांच्या भल्यासाठी आलो. या उत्तरावर त्यांचा पक्का विश्वास होता.

तो ढळला भीमबाईमुळे. भीमबाई पोडावरचीच, शाळेत खिचडी शिजवायची. कमी बोलायची. एके दुपारी मीठ संपल्याचं सांगायला ती ऑफिसात आली आणि टेबलावरच्या ठाण्याकडे बघत उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं ते रोज झाडलं-पुसलं होतं. बोटानं एकेक घर दाखवत तिनं विचारलं, हे कोणाचं, ते कोणाचं. गुरुजी खुशीत सांगत गेले. सगळी घरं संपल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, हे घरं त शिपायायचे झाले. मंग ज्यायचं रान होतं, ते कुठी राहेत?”

गुरुजींनी टेबलावरचं ठाणं एकदा नीट पाहिलं. पुस्तकात पाहून सांगतो, म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी पुस्तक नव्यानं चाळलं, आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की ती मूळची माणसं पुस्तकात दोनच वेळा येतात, हल्ला करायला नाहीतर शिधा मागायला. त्यांची घरं, चुली, देव कुठे होते, हे एकाही नकाशात नव्हतं. परिपाठाला मुलांसमोर उभं राहून त्यांनी कबूल केलं की मी तुम्हाला इतकी वर्षं अर्धाच नकाशा दाखवला. मुलांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मी मात्र नोकरीत आणि घरात, कुठेच एवढ्या वयाच्या पुरुषाला सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणताना पाहिलं नव्हतं. 

नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की खिचडीच्या शेडमध्ये चुलीजवळ पाटावर बसून गुरुजी भीमबाईकडून कोलामी शिकू लागले. पाण्याला ईर म्हणतात इथपासून सुरुवात. इतक्या वर्षांत त्यांना कोलामीतले जेमतेम दहा शब्द येत होते, तेही मुलांना गप्प करण्यापुरते. चुकले की भीमबाई चुलीतल्या लाकडावर चिमटा आपटी, आणि हे पोरासारखे पुन्हा म्हणत. सहा महिने झाले असतील. दुसरीत एक मुलगी होती, दीड वर्षात एक अक्षर न बोललेली. तिच्यासमोर बसून गुरुजींनी कोलामीत विचारलं, घरी बकऱ्या किती? ती पोर जी सुरू झाली ती थांबेचना. बकऱ्यांची नावं, कोणाचा पाय मोडला, कोणती आजीची, कोणती मामाची. गुरुजी ऐकत राहिले. मग ऑफिसात येऊन कपाळ धरून बसले. “ठाण्यात एक दुभाष्या असे, मॅडम. तो बिमार पडला का सारं ठाणं मुकं. मी या लेकरायले मुके समजून राह्यलो होतो.”

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट छळू लागली. इथं यायच्या आधी आपण कोणाला विचारलं होतं का? जिल्हा परिषदेचा कागद आला, आपण पेटी उचलून आलो. शिपाईही कागदावरच येत. मी म्हणे, गुरुजी, तुम्ही शिकवलेली पोरं आज वनखात्यात आहेत, नर्स आहेत, काय हा विचार करता. ते म्हणत, शिपायालाही वाटतच असेल की मी भल्यासाठी आलो. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि या माणसाला आपली सगळी नोकरी शिक्षणखात्यातली होती की लष्करातली हेच ठरवता येत नव्हतं. रात्रंदिवस तोच घोर. त्यांना हवं होतं ते उत्तर शासन देऊ शकत नव्हतं आणि मीही देऊ शकत नव्हते. ते फक्त पोडाकडे होतं.

निवृत्तीचा समारंभ झरीला झाला. शाल, नारळ, भाषणं. गुरुजींनी सगळं निमूट घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला त्यांचे धाकटे भाऊ ढाणकीहून टेम्पो घेऊन आले, तर गुरुजी पोडावरच्या खोलीत नाहीत. ते चावडीवर गेले होते. पोडाच्या मधोमध असते ती चावडी, तिथे वस्तीचे नाईक आणि जाणती माणसं बसून सगळे निवाडे करतात. गुरुजी बाहेर उभे राहिले आणि कोलामीत म्हणाले, येताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं, जाताना विचारतो. मी इथं राहिलो, ते तुम्हाला चाललं का?

एखाद्यानं असं विचारलं तर आपण लगेच म्हणू, अहो असं काय बोलता! नाईक तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, बसून ठरवावं लागेल. आणि पोड खरोखरच बसलं, एक दिवस नाही, तीन दिवस. इकडे गुरुजी रिकाम्या खोलीत चटईवर. भाऊ कावलेला: वेचणीचे दिवस, घरी कापूस फुटून उभा, आणि दादा काहून थांबून राह्यला म्हणून मला विचारी. मी काय सांगणार? मी डबा नेई. तो तसाच परत येई. नाही म्हणाले तर काय, हे मी एकदा विचारलं. गुरुजी म्हणाले, “मंग नाही. पण ऐकूनच जाईन.”

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. आम्ही बायका चावडीबाहेर चिंचेखाली उभ्या होतो. नाईक म्हातारे, आवाज बारीक, आणि बोलणं सगळं कोलामीत. मला कळेना, म्हणून भीमबाई माझ्या कानाशी सांगत होती. पहिल्यांदा तक्रारी झाल्या. शिट्टीनं बकऱ्या बुजत, हे कोणीतरी बावीस वर्षांनी बोलून घेतलं, आणि सगळे हसले. गुरुजीही हसले. मग नाईक थांबले, आणि भीमबाईचा आवाज बदलला.

“नाईक म्हणते, तू आला त्या साली झेंड्याच्या खांबासाठी देवाच्या राईतला साग तोडला. आमी लय भेलो. तुले सांगतलं नाही. पोडानं कोंबडं देल्लं, अन्‌ देवाले म्हणलं, हा माणूस नवा हाय, याले समजत नाही, याले काही करू नको.”

गुरुजींच्या पुस्तकात कोणत्याही ठाण्यावर पहिलं काम झेंड्याच्या खांबाचं असे. ते त्यांनी मोठ्या अभिमानानं केलं होतं. त्या खांबाखाली त्यांनी बावीस पंधरा ऑगस्ट केले होते. ज्यांना आपण सांभाळतो असं त्यांना वाटत होतं, त्या माणसांनी पहिल्याच वर्षी त्यांना न सांगता सांभाळून घेतलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही. 

नाईक पुन्हा बोलू लागले. भीमबाई म्हणाली, “म्हणते, बावीस वर्षं तू शाळेत होता. विचारलं आता. म्हणजे पोडावर तू आता आला.”

गुरुजींनी हळू आवाजात दोनच शब्द उच्चारले. मी भीमबाईला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, विचारते, बसू काय. तोवर ते चार दिवसांपूर्वीसारखेच बाहेर उभे होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नाईकांनी सरकून जागा केली. गुरुजी आत गेले आणि त्या माणसांच्या ओळीत मांडी घालून बसले. टेम्पोत बसलेला भाऊ हॉर्न वाजवत राहिला.

गुरुजी त्यानंतर चार वर्षं ढाणकीला होते. फोनवर मुलांची, मेथीची, भीमबाईच्या गुडघ्याची चौकशी करत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत: मॅडम, विचारलं काय? मी म्हणे, अजून नाही. गेल्या वर्षी ते गेले. बदलीचा अर्ज मी कधी दिलाच नाही, कोलामी मला आता भांडण्याइतकी येते, आणि लोक मला चांगली म्हणतात. परवा सुटी झाल्यावर मी ठरवून चावडीकडे निघाले होते. चिंचेपर्यंत गेले, नाईक आत बसलेले दिसले, आणि तशीच मागे फिरले. ते बसून ठरवतील ते ऐकायला जी छाती लागते, ती माझ्याकडे अजून नाही.