कोंडवाड्यातलं विमान

एखाद्या निर्जीव वस्तूच्या पाठीवर हात ठेवून "काय, बरं आहे ना?" असं मनापासून विचारणारा, आणि वर उत्तराची वाट बघत थांबणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. साडू काही आपण निवडत नाही. आपण मुलगी बघायला जातो तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोपऱ्यात पोहे खात बसलेला असतो, त्याच्याकडे कोण बघतं? मी बघायला हवं होतं. त्या दिवशी हे गृहस्थ पोहे खाता खाता एकदम उठले, बशी हातात घेऊनच अंगणात गेले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले, आणि परत येऊन माझ्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "एक गेलं. मुंबईकडे." वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. मुलगी पसंत आहे का, हे विचारायचंही त्यांना घटकाभर सुचलं नाही.

साडूभाऊ पिंपरीजवळच्या एका कारखान्यात फिटर होते. त्याआधी लढाईच्या काळात ते ब्रह्मदेशच्या सरहद्दीवरच्या एका धावपट्टीवर विमानांची देखभाल करत. 'देखभाल' हा त्यांचा शब्द. माझ्या मेव्हणीच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथे काचा पुसत असत. दोन्ही खरं असावं. स्वतः मात्र ते एकदाही उडाले नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांना वेड होतं ते मोजायचं. आभाळात घरघर ऐकू आली की चिंचवडच्या भर बाजारात, मागे चार बैलगाड्या खोळंबलेल्या असताना, ते सायकलवरून उतरून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहणार. आणि सकाळी एक गेलं म्हणजे संध्याकाळी एक परत आल्याशिवाय या माणसाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी हद्दच केली. 'शुभमंगल सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि हे मूठ मिटून, तोंड आभाळाकडे करून उभे. विमान गेल्यावर भानावर येऊन त्यांनी जी मूठ भिरकावली ती थेट भटजींच्या डोळ्यात.

त्या दिवशी मी भडकलोच. "अहो साडूभाऊ, आभाळातली सगळी विमानं तुमच्या नावावर लिहून दिलीत का कुणी?" मी शाळामास्तर असल्यामुळे रागावण्याचा मला सराव होता. ते मला 'मास्तर'च म्हणत. म्हणाले, "मास्तर, तिथं माझं कामच ते होतं. सकाळी आठ सोडायची आणि संध्याकाळी आठ मोजून घ्यायची. एकदा सातच आली. आठव्याची तयारी मी केली होती, माझ्या हातांनी. अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. मग जेवणाची घंटा झाली आणि मी जेवायला गेलो." एवढं बोलून ते पंक्तीत वाढायला निघून गेले. माझा राग जागच्या जागी विरला. त्यांचं मोजणं तिथंच अर्धवट राहिलं आहे, हे त्या दिवशी मला कळलं, आणि त्यानंतर मी त्यांना त्यावरून कधी टोकलं नाही. बाकी हजार गोष्टींवरून टोकलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. साडूभाऊंच्या कारखान्याने लढाईतल्या मोडीचा एक लॉट घेतला, आणि त्यात, चुकून भाजीत खडा यावा तसं, एक विमान आलं. शिकाऊ वैमानिकांचं, दोन मजली पंखांचं, लाकडी हाडांचं आणि कापडी कातड्याचं. इंजिन आधीच कुणी तरी पळवलेलं, पुढचा पंखा नाहीच, आणि कापड असं फाटलेलं की आतल्या फासळ्या मोजून घ्याव्यात. मॅनेजरसाहेबांनी ते मोशीच्या माळावर, चाकणच्या रस्त्याकडेला, कारखान्याची मोकळी जमीन होती तिथं शोभेला उभं करून ठेवलं. शोभा कसली! कावळे बसायचे त्यावर. पण साडूभाऊंनी ते पाहिलं मात्र, आणि पुढच्या रविवारी आमच्या दारात सायकलची घंटी वाजली. "मास्तर, चला. ते उघड्यावर उभं आहे हो."

तेव्हापासून चार वर्षं माझे रविवार गेले ते गेलेच. आम्ही चौघं होतो. साडूभाऊ, चिंचवडचा एक शिंपी, मोशीचा एक सुतार आणि मी. मला काही येत नाही हे पहिल्याच दिवशी सिद्ध झाल्यामुळे माझ्याकडे डबा धरण्याचं खातं आलं. सुतारानं आयुष्यभर बैलगाड्या केलेल्या. त्यानं बाभळीचा पुढचा पंखा असा दणकट केला, की तो बसवल्यावर विमान नाकावर पडायला हवं होतं. पण आत इंजिन नसल्यामुळे नाक उलट हलकंच राहिलं, तेव्हा साडूभाऊंनी घरचं जातं आणून इंजिनाच्या जागी बसवलं. मेव्हणीला वाटलं पाथरवटाकडे टाकी लावायला नेलंय. तिला खरं कळलं तेव्हा ती आमच्या घरी येऊन माझ्या बायकोजवळ रडली, आणि दोघी बहिणींनी मिळून मला बोल लावले. जातं मी नेलं होतं जणू!

शिंप्यानं मांजरपाट शिवून पंखांवर ताणून बसवलं. आता कापड कडक व्हायला काही तरी लावायला हवं. साडूभाऊ म्हणाले, तिथं डब्यातून एक वासाचं रसायन यायचं. ते आम्हाला कुठलं मिळायला? शिंपी म्हणाला, "खळ लावू." झालं. गव्हाच्या पिठाची पातेलंभर खळ केली, सगळं विमान माखलं. सुकल्यावर टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यायचा. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर डावा खालचा पंख अर्धा गायब, आणि शेजारच्या रानातल्या तात्या पाटलांची गाय पोट फुगवून आडवी. तात्या काठी घेऊन उभेच होते. "कनकीचं इमान करून रस्त्यावर ठिवता व्हय? माझी गाय गेली असती म्हंजी?" गाय वाचली, पण तात्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. पुढे आम्ही खळ सोडून जवसाच्या तेलावर आलो. तरी ती गाय जाता-येता विमानाकडे मायेनं बघायची.

खरं सांगू का, मला ते रविवार आवडायला लागले होते. कबूल मात्र केलं नाही. साडूभाऊंचे नियम होते. विमानात बसायचं तर चपला काढून. नट आवळताना बोलायचं नाही. वारा सुटतो म्हणून विमानाला बैलाच्या दाव्यांनी चार खुंट्यांना बांधलेलं असे, तेव्हा निघण्यापूर्वी दर रविवारी ते एकेका दाव्याला झटका देऊन बघत. मग विमानाच्या पाठीवर हात ठेवून, "काय, बरं आहे ना?" शिंपी आणि सुतार तेवढा वेळ अदबीनं उभे राहत, आणि हळूहळू मीही राहायला लागलो.

मग एका उन्हाळ्यात मॅनेजरसाहेबांनी सांगितलं की त्या जागेवर नवी शेड व्हायची आहे, विमान भंगारवाल्याला दिलंय, सोमवारी सकाळी लॉरी आणि करवती घेऊन माणसं येतील. साहेब माणूस वाईट नव्हता. "फिटर, तुम्हाला वाईट वाटेल, पण लाकूड-चिंध्या आहेत हो त्या," एवढंच म्हणाला. साडूभाऊ "होय साहेब" म्हणून मशीनवर परत गेले. मी म्हटलं, भांडा, अर्ज करा, मी लिहून देतो. ते म्हणाले, "त्यांची वस्तू आहे, मास्तर." माझा असा संताप झाला! जगात जी माणसं भांडत नाहीत त्यांचंच का मोडतं सगळं?

शेवटच्या रविवारी आम्ही गेलो ते निरवानिरव करायला. परक्याची वस्तू करवतीखाली जायला नको म्हणून आम्ही एकेक मागून आणलेली गोष्ट सोडवायला लागलो. सुतारानं आपली दावी सोडली, गुंडाळी करून खांद्यावर टाकली. मेव्हणीचं जातं आम्ही तिघांनी मिळून उचललं, आणि शिंप्यानं हातगाडी आणलेली होती तिच्यावर ठेवलं. या सगळ्यात आम्ही काय करत होतो हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. साडूभाऊ म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा. मी जरा बसतो." चपला काढून ते विमानात चढले. आम्ही रस्त्याला लागलो, आणि पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला.

वळवाचं वादळ असं येतं की डोळा मिटेपर्यंत अंगावर. शिंप्याची टोपी उडाली, हातगाडी कलली, मी मागे वळून पाहिलं आणि ओरडलो. विमानाचं तोंड नेमकं वाऱ्याकडे होतं. नाकात जातं नाही, पायात दावं नाही, आणि चार वर्षं दर रविवारी साडूभाऊंनी चाकांना पाजलेलं ग्रीस! ते आधी मान वर करून थरथरलं, मग दाव्याला हिसडे देणारा बैल मागं सरतो तसं शेपटीकडून मागं सरकायला लागलं, आणि मग उडालं. होय, उडालं. सुतार म्हणतो दोन हात, शिंपी म्हणतो पुरुषभर. मी मास्तर आहे, मी दीड हात म्हणतो, पण चाकांखालून पलीकडचा माळ दिसला हे शपथेवर सांगतो. उलटं उडालेलं विमान माझ्या आयुष्यात मी तेवढं एकच पाहिलं. आत साडूभाऊ, दोन्ही हातांनी कडा धरून. बांध ओलांडून ते तात्या पाटलांच्या उभ्या कडवळात जाऊन बसलं. त्या हिरव्या वैरणीनं त्याला असं अलगद झेललं की बाभळीच्या पंख्यालाही ओरखडा नाही. आम्ही धावलो. मी सगळ्यांत पुढे होतो. साडूभाऊ धडधाकट होते. मला बघून ते काही तरी म्हणाले. ते नंतर सांगतो.

मागोमाग तात्या आले. आडवं झालेलं कडवळ बघितलं, विमान बघितलं, आत बसून मुलासारखे रडणारे साडूभाऊ बघितले. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जित्राब कुनाचं का आसंना, पिकात शिरलं की कोंडवाड्यात जातं. गावचा कायदा हाय." मला वाटलं, म्हातारा गाईच्या दुखण्याचा इतक्या वर्षांनी सूड उगवतोय. त्यांनी गडी बोलावले, बैलजोडी जुंपली, आणि ते विमान ओढत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातलं. फाटक अरुंद, म्हणून एका बाजूची दगडी भिंत पाडली आणि विमान आत गेल्यावर परत रचली. आत आधीच दोन म्हशी आणि एक गाढव होतं. त्यांनी कुरकूर केली नाही.

सोमवारी लॉरी आली, करवती आल्या, मॅनेजरसाहेब आले. माळ रिकामा! चौकशी करत सगळे कोंडवाड्यावर पोचले. तात्या वही घेऊन घोंगडीवर बसले होते.

"पाटील, आमचं विमान सोडा," साहेब म्हणाले.

"सोडतो की. मालक कोन? तुमी? मग हितं सही करा, न्या."

साहेबांनी वही घेतली आणि वाचली. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचली. कोंडवाड्याची छापील वही, रकाने ठरलेले. तात्यांनी एकही रिकामा सोडला नव्हता. जनावर : इमान. रंग : भुरा. शिंगे : न्हाईत. शेपूट : हाय. खोड : वारा प्यालं की उधळतं. नुकसान : कडवळ. आणि शेवटी, जनावराच्या मालकाची सही.

साहेब त्या ओळीकडे बघत राहिले. हा कागद मुंबईच्या कचेरीत गेला तर काय होईल याचा ते विचार करत असावेत. मग त्यांचं लक्ष माझ्या साडूंकडे गेलं. ते फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे होते. साहेबांनी वही मिटली. "पाटील, आमच्या कारखान्याचं असलं कुठलंही जनावर नाही," ते म्हणाले, आणि ओठ दाबत गाडीत जाऊन बसले. गाडी वळेपर्यंत आतून हसण्याचा आवाज येत होता. मालक फिरकला नाही म्हणजे जनावर गावचं.

मी तात्यांना विचारलं, "तात्या, खरं सांगा, हे सगळं का केलंत?" तात्या म्हणाले, "आपल्या पायानं रानात आलेलं जित्राब आमी कापायला देत न्हाई, मास्तर. आनि त्यो मानूस रडत व्हता की." मग लगेच आवाज चढवून, "पन कनिक लावायची न्हाई! सांगून ठिवतो!"

विमान मोशीत बरीच वर्षं राहिलं. पोळ्याला त्याच्या नाकाला गेरू लागायचा आणि शेपटीला गोंडे. आमचे रविवार चालूच राहिले. मेव्हणीनं जातं स्वतःहून परत पाठवलं, आणि दळण गिरणीत टाकायला लागली. पुढे लाकूड खचत गेलं, एकेक जण कमी होत गेला, आणि एका पावसाळ्यात विमान आपसूक बसलं. करवत मात्र त्याला कुणी लावली नाही.

आता ते राहिलेलं सांगतो. त्या दिवशी कडवळातून वाट काढत मी धापा टाकत पोचलो, तेव्हा साडूभाऊंनी माझ्याकडे बघून दोन्ही हातांची आठ बोटं वर केली. "मास्तर," ते म्हणाले, "आलं हो. आठ झाली." एवढंच. हे मी आजवर माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मी मुद्दाम त्यांच्याशेजारी उभा राहिलो. ऐन मंगलाष्टकात डोक्यावर घरघर सुरू झाली. मी त्यांच्या मुठीकडे बघितलं. साडूभाऊंनी एकदा वर पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तसे हसले, आणि 'सावधान'च्या ठोक्यावर मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. माझी मूठ तेवढी मिटलेलीच राहिली होती, कारण मी मान वर करून ते विमान दिसेनासं होईपर्यंत बघत उभा होतो.