भाऊबीजेच्या वाटेवरचा खेळ

आमचं घर बेंबळीकडं आणि माझं आजोळ मुरुमचं. बैलगाडीनं जायचं तर वाटेत एक मुक्काम पडायचा. एवढा वेळ लेकरांना गाडीत बसवून ठेवणं सोपं नव्हतं, तरी माय निघताना खेळणं म्हणून काही घेत नसे. तिच्या ओच्यात मूठभर चिंचोके असत. बाकीचं वाटंवर मिळतं, असं ती म्हणायची आणि ते खरंच मिळायचं. पिंपळ दिसला की पानाची पिपाणी व्हायची, ज्वारीच्या चिपाडाची गाडी व्हायची, ओढ्यातल्या ओल्या मातीचे बैल व्हायचे. तान्ह्या बहिणीसाठी गाडीच्या कमानीला लुगड्याची झोळी बांधलेली असे. ती नुसती कुरकुरली तरी माय तिला पदराखाली घ्यायची.

मी सात-आठ वर्षांची असेन, भाऊ माझ्याहून लहान. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. फौज येऊन गेली, आणि आधी एकांनी जे भोगलं ते आता दुसऱ्यांच्या वाट्याला आलं होतं. मोठी माणसं आमच्यासमोर त्याबद्दल बोलत नसत. पण काही गावांतली मुसलमानांची घरं रिकामी झालीत, एवढं आमच्याही कानांवर आलं होतं. तरी दिवाळी आली आणि मामा मुराळी होऊन मायला न्यायला आला.

वाटेतला मुक्काम हलवून आम्ही सकाळी निघालो. एका ओढ्याशी बैलांना पाणी दाखवताना बाजूच्या तुरीतून लेकराचं रडणं ऐकू आलं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मामानं कान दिला आणि घाईनं बैल जुंपायला लागला.

"अक्का, दिवस बरे न्हाईत. आपण निघू."

माय खाली उतरली होती. म्हणाली, "ते भुकेलं हाय. गाडी ऱ्हाऊ दे."

ती तुरीत शिरली आणि थोड्या वेळानं एका बाईला घेऊन आली. बाईच्या कडेवर तान्हं मूल आणि मागं माझ्याएवढी मुलगी. बाई मुसलमान होती, पायी भावाच्या गावाला निघाली होती. धसक्यानं तिचं दूध आटलं होतं. नवरा कुठं आहे, हे मायनं विचारलं नाही. झाडाखाली बसून तिनं ते मूल आपल्या पदराखाली घेतलं. ते आधी तोंड फिरवत होतं, मग ओढायला लागलं. बाई मायच्या पायाशी बसून नुसती बघत राहिली.

ती मुलगी कुणाशीच बोलत नव्हती. घर सोडल्यापासून तोंडातून शब्द नाही, असं तिची आई सांगत होती. मी माझा मातीचा बैल तिच्यापुढं धरला, तिनं घेतला नाही. माय म्हणाली, "तिला माती दे. तिचं तिला करू दे." मी ओल्या मातीचा गोळा तिच्याजवळ ठेवला आणि आम्ही बहीणभाऊ आमच्या खेळाला लागलो. मग बघतो तर तिचे हात चालू होते. तिनं चार पाय केले, कान केले, पोटाखाली दोन आचळ लावले.

"हमारी बकरी," ती म्हणाली. "वहींच रह गई."

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. मामा बैलांकडं तोंड करून उभा होता. तो वळला आणि म्हणाला, भावाचं गाव आपल्याच वाटंवर हाय, बसा गाडीत.

गाडीत दाटी झाली. पुढच्या गावाच्या वेशीजवळ पाच-सहा माणसं बसलेली दिसली, हातांत काठ्या. मायनं ओच्यातले चिंचोके काढून आम्हा तिघांच्या मधे ओतले आणि हळूच म्हणाली, "एकी का बेकी खेळा. गाडी थांबली तरी खेळत ऱ्हावा." मूठ धरायची पाळी तिनं त्या मुलीला दिली.

गाडी थांबलीच. एकानं आत डोकावून मामाला विचारलं, कोण हाय?

"दोघी बहिणी हायत माज्या. भाऊबीजेला नेतोय."

आत माझा भाऊ बेकी म्हणून हरला होता आणि पुन्हा खेळायचं म्हणून हट्टाला पेटला होता. त्या मुलीनं चिंचोके मुठीत पक्के धरले होते, देत नव्हती. मायनं भावाच्या पाठीत हलका धपाटा घातला, जसा ती रोज घालायची. तो माणूस हसला आणि बाजूला झाला.

बाईच्या भावाच्या गावाबाहेर आम्ही त्यांना उतरवलं. बाईनं मायचे दोन्ही हात धरले. तिचा भाऊ धावत येताना दिसला तेव्हा मामानं गाडी हाकली.

त्यांची पुन्हा भेट झाली नाही. बाई भावाकडंच राहिली आणि तान्हं मूल चालायला लागलं, असं पुढच्या उन्हाळ्यात मामानं सांगितलं. माय ऐकून घेऊन कामाला लागली.

मी आई झाल्यावर एकदा तिला विचारलं, वेशीवर तुला भीती वाटली नाही का? ती म्हणाली, "वाटली की. पण मोठ्यांचं भ्या लेकरांना लगेच कळतं. तुमी खेळत होता तवर मला धीर होता."