मधल्या फळीत मी एकटी

सांगलीच्या मैदानावर फुटबॉल सामन्याचं मध्यंतर झालं होतं आणि मेंढरं आत शिरली. आमचीच. आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, तळ तेव्हा नदीकाठच्या रानात होता. माझा खेळ बघायचा म्हणून ते कळप घेऊनच आले होते. कुंपणाबाहेर उभे होते. पण हिरवं गवत दिसल्यावर मेंढरं कुणाचं ऐकतात?

मंडपात आमच्या क्लबचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी माइक घेतला.

"ती आठ नंबरची पोरगी धनगराची न्हाई का? सोडा तिला मेंढरांमागं. तेवढं तरी नीट जमंल."

मंडप हसला. माझ्या संघातल्या मुलीही हसल्या. पहिला गोल माझ्याच पासवर झाला होता. आबा हात जोडून म्हणत होते, "चुकलं, सायेब. चुकलं."

मी मेंढरं हाकली. आबांचे जोडलेले हात खाली यावेत म्हणून. मग खेळले. जिंकलो. फोटोच्या वेळी अध्यक्ष म्हणाले, "हिला कडंला घ्या. वास येतोय."

जाताना आबा एवढंच बोलले, "तू खेळ. मी आता बघाय येत न्हाई." खरंच आले नाहीत.

पुढं मी व्यावसायिक खेळाडू झाले. मधल्या फळीत. मागून बॉल घ्यायचा, पुढं द्यायचा, परत मागं पळायचं. गोल दुसरी करते. गर्दी तिच्याभोवती होते. परकं शहर, क्लबनं दिलेली खोली. जेवताना बाकीच्या आपापल्या भाषेत बोलायच्या. मी ताटात बघत जेवायचे. आबांचा तळ आज इथं, उद्या तिथं. फोन लागायचा नाही. गुडघा दुखावला तेव्हा दवाखान्यात विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हणाले, कोणी नाही.

गुडघा बरा झाला. पण किती वर्षं टिकेल, सांगता येत नाही. म्हणून सांगलीच्या त्याच क्लबनं सत्काराला बोलावलं, मुलींची प्रशिक्षक म्हणून नेमतो म्हणाले, तेव्हा मी हो म्हटलं. घराजवळ राहायला मिळेल. आपल्या बोलीत बोलायला मिळेल. आबांना हट्टानं घेऊन गेले. त्यांना मागच्या रांगेत बसवलं.

अध्यक्ष शाल हातात धरून बोलत होते. "मेंढरामागं फिरत हुती. आमी हिला माणसात आणली."

टाळ्या पडल्या. मी माइक मागून घेतला.

"आमी माणसंच हुतो. तुमी माझ्या आबांना भर मैदानात हात जोडाय लावलं. आदी त्यांची माफी मागा. मग शाल घीन."

कुणी हललं नाही. अध्यक्ष हसले. "पोरगी लय चेष्टेखोर हाय." आणि शाल पुढं केली. मी मान वाकवली नाही. खाली उतरले.

बाहेर आबांनी विचारलं, "कशाला गं? घराजवळ आली असतीस की."

"आले असते, आबा. पण अशी न्हाई."

 एसटी येईपर्यंत आम्ही नुसते उभे होतो.

नेमणूक गेली. मी परत त्याच खोलीत राहते. एकटेपणा संपलेला नाही, आणि संपेल असं मी स्वतःला सांगतही नाही. पाय चालतात तोवर खेळेन. ते थांबले की आमच्या माणदेशी माळावर, दगडं वेचून मैदान करीन, पोरींना शिकवीन. त्यातली एकही पोरगी कुणाच्या मंडपापुढं मान खाली घालून उभी राहणार नाही.