तिच्या नावाने भरलेली उत्तरे

माझ्या बायकोच्या आजाराची उत्तरं दोन महिने मी भरली आणि खोटी भरली. हे मी आजवर फक्त डॉक्टरांना सांगितलं. तिला सांगावं लागलं नाही, तिला माहीत होतं.

आम्ही साकोलीला राहतो. मी शिक्षक आहे. बायकोचा आजार उदासीचा. त्याला तीन वर्षं होत आली होती. सुरुवातीला मी त्याला आळस म्हणालो, मग वय म्हणालो. ती सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसायची आणि तासाभराने पाहावं तर तांदूळ तसेच, हात तसाच. शेवटी दाखवलं तेव्हा भंडाऱ्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी एक औषध पुरेसे दिवस, पुऱ्या मात्रेत दिलं. उतार नाही. ते बदलून दुसरं दिलं. तिची झोप थोडी सुधारली, बाकी होतं तिथेच.

तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, "ताई, काही लोकांना दोन औषधांनीही फरक पडत नाही. म्हणून आजार खोटा ठरत नाही, अन् तुम्हीही कामचुकार ठरत नाही." ही गोळी चालूच ठेवायची आणि सोबत मोबाईलवरचा एक अभ्यासक्रम करायचा, असं त्यांनी ठरवलं. दर आठवड्याला एक पाठ, तो तिने स्वतः वाचायचा, मनात येणारे विचार लिहायचे, लहान लहान कामं ठरवून करायची. शेवटी नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत काय किती दिवस वाटलं याचे, 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ रोज' पर्यंत. ती उत्तरं डॉक्टरांना त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायची. "मोबाईल गोळीची जागा घेणार नाही, गोळी मोबाईलचं काम करणार नाही. दोन्ही लागतील. अन् याला जोडून आणखी एक औषध द्यायचं की नाही, ते मी या उत्तरांवरून ठरवीन."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिच्याकडे बटणांचा फोन होता, म्हणून ॲप माझ्या फोनवर घेतलं. ती बारावी झालेली, वाचायला येतं, लिहायला येतं. पहिला पाठ तिनेच केला. एका पानाला एक तास लागला. मी दोनदा येऊन पाहून गेलो, तिसऱ्यांदा म्हणालो, "आण इकडे. तू सांग, मी भरतो."

शाळेत माझं अर्धं काम ऑनलाईन माहिती भरण्याचं. पोषण आहार, हजेरी, शौचालयं, झाडं किती लावली आणि किती जगली. रकाना रिकामा राहिला की लाल होतो. आकडा विचित्र दिसला की वरून फोन येतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट अंगवळणी पडली होती. उत्तर असं भरायचं की पुन्हा कोणी विचारू नये. बायकोचा आजार मी त्याच हाताने भरायला लागलो.

एका पाठात प्रश्न होता, पूर्वी काय केलं की तुम्हाला बरं वाटायचं? तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तलावाच्या पारीवर जाऊन ताजे शिंगाडे घ्याचे, अन् तिथंच बसून सोलून खायाचे. बायाईच्या गोष्टी आयकत." डॉक्टरांना शिंगाडे काय सांगायचे, असं मला वाटलं. मी लिहिलं, संगीत ऐकणे, सकाळी फिरणे.

इथवर मूर्खपणा होता. पुढचा प्रश्न, तुम्ही मनातलं कोणाशी बोलता?

"कोनाशीच नाही," ती म्हणाली. "तुमीच मना केलं."

खरं होतं. मुलीसाठी स्थळं पाहणं चालू होतं. तिच्या गोळ्या थायरॉईडच्या आहेत असं मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि तिलाही तेच सांगायला लावलं होतं, वरठीला राहणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा. मी रकान्यात लिहिलं, पतीशी.

आणि नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं, असे विचार येतात का? एसटीच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात ती म्हणाली, "येते कधी कधी. जाते."

"काही करशील काय?"

"नाही जी. नुसतं येते."

मला भीती वाटली, पण ती तिच्यासाठी कमी आणि बोभाट्याची जास्त. डॉक्टर तिला नागपूरला भरती करा म्हणतील, चार लोक विचारतील. मी 'अजिबात नाही' वर बोट ठेवलं. पुढच्या आठवड्यांतही तेच. बाकी आठ प्रश्नही मी दर वेळी एकेका पायरीने बरे करत नेले, एकदम केले तर संशय येईल म्हणून.

दोन महिन्यांनी आम्ही भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. उत्तरांवरून काढलेली आजाराची रेघ छान खाली उतरत आली होती. ते खूश झाले. "मग जोडीचं औषध नको सध्या. आहे तेच चालू द्या. अन् ताई, गाणी कोणती ऐकता?"

"गाणी?" तिने माझ्याकडे पाहिलं.

"विसरते ती," मी म्हणालो.

बसस्टँडवर ती बाकावर बसली. साकोलीची गाडी लागायची होती. ती समोर पाहत म्हणाली, "तुमच्या मोबाईलातली बाई चांगली होऊन राहिली जी. मले कवा बरं वाटन?"

दवाखाना तिथून ऑटोने दहा मिनिटांवर होता. त्याच क्षणी परत फिरलो असतो तर या लिखाणात थोडी तरी लाज राखता आली असती. मी तिला म्हणालो, "पाणी पिते काय?" आणि गाडी लागल्यावर आम्ही बसलो.

त्यानंतरही अकरा दिवस गेले. पुढच्या पाठाची आठवण करून देणारा संदेश फोनवर आला तेव्हा मी शाळेत होतो, जेवणाच्या सुट्टीत. मी डबा उघडता उघडता सगळा पाठ भरून टाकला, तिला न विचारता. शेवटी हिरव्या अक्षरात आलं, अभिनंदन! तुम्ही तुमच्या मनाची काळजी घेत आहात.

डबा तसाच बंद केला. मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटाच भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टर रागावतील अशी मनाची तयारी केली होती. ते रागावले नाहीत, त्याने जास्त कठीण झालं. त्यांनी फक्त विचारलं, "नवव्या प्रश्नाला त्या काय म्हणाल्या? त्यांच्या शब्दांत सांगा." मी सांगितलं. "शेवटचं केव्हा?" ते मला सांगता येईना. मी विचारणंच बंद केलं होतं. "उद्या त्यांना घेऊन या, सर. उद्याच. अन् तोवर त्यांना एकटं ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर बसवलं. पाऊण तास. भिंतीवर पाटी होती, शांतता राखा. माझ्याइतकी ती कोणी पाळली नसेल. बायको बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण मान वर होती.

"सांगून देल्लं मी सारं. तुमचंही."

"माझं काय सांगितलं?"

"ते माह्यं आहे."

जोडीचं औषध सुरू झालं. घरात साठा नको म्हणून गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला मिळू लागल्या आणि कधी विचार वाढले तर फोन करायला नंबर दिला गेला. ॲप पहिल्या पाठापासून पुन्हा सुरू झालं, मुलीच्या जुन्या फोनवर. बायकोने पहिलं काय केलं असेल तर बहिणीला फोन. दोन दिवसांनी बहीण वरठीहून आली. चहा ठेवायच्या आधीच दारात उभी राहून मला म्हणाली, "काहून जी भाऊजी, तुमच्याकडे थायरॉईडच्या गोळीनं माणूस मुकं होते का?" बायको हसली. फार दिवसांनी हसली, आणि माझ्यावर हसली. मी मान खाली घालून दूध आणायला गेलो.

खरी उत्तरं गेल्यावर रेघ एकदम वर चढली, म्हणजे आजार होता तेवढा दिसला. मग हळूहळू उतरू लागली. मध्ये दोन आठवडे पुन्हा चढली. ती पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. वाया घालवलेले ते दोन महिने कोणत्या औषधाने भरून येत नाहीत, आणि त्यात काय होऊ शकलं असतं ते मी मनातही पूर्ण उच्चारत नाही. स्थळाकडच्यांना मुलीनेच खरं सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसऱ्यांनी काही विचारलं नाही.

रविवारी दुपारी ती मागच्या पडवीत फोन घेऊन बसते. मी तिकडे जात नाही. मागच्या रविवारी तिकडून हाक आली, "अवो, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे किती जी?"

"दोन आठवड्यांत आठच्या वर समज. किंवा आठ."

ती बोटांवर मोजू लागली. कोणत्या प्रश्नासाठी, ते मी विचारलं नाही. तिला मोजायला बराच वेळ लागला.