काट्यावर काका

बाजारातल्या एकूण एक दुकानाचा वजनकाटा काटेकाकांच्या हाताखालून गेलेला. आपण दुरुस्त केलेला सोडून जगातला प्रत्येक काटा खोटं बोलतो, अशी त्यांची पक्की समजूत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानात माणसं बोलायला लागली. दिसायचं कुणीच नाही, पण बडबड अखंड! कामधंदा बसला. मग डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी सुरू केली आणि दोन महिन्यांत बडबड थांबली. ही शांतता काकांना जिवापलीकडे प्यारी.

पण गोळीमागून भूक आली, पोट पट्ट्याबाहेर डोकावू लागलं. तहान तर विचारू नका. काका उभ्या उभ्या तांब्या रिकामा करायचे आणि संडासाकडे धूम ठोकायचे. बाईंनी लिहून दिलेली रक्ततपासणी त्यांनी तीनदा टाळली. ताईनं, म्हणजे मोठ्या बहिणीनं, तहानेबद्दल विचारलं की म्हणायचे, "तू जेवण खारट करतेस." बिचारीनं आठ महिने मीठ कमी कमी करत आणलं.

शेवटी तिनंच त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं.

"अठ्ठ्याऐंशी. गोळी सुरू केली तेव्हा चौऱ्याहत्तर होतं."

"काटा बिघडलाय!" काका गरजले. पिशवीतून वजनं निघाली, स्क्रू सुटले, रांगेतले पेशंट आपापलं दुखणं विसरले. बिघाड खरंच सापडला. काटा दोन किलो कमी दाखवत होता. काकांनी तो इमानदारीनं दुरुस्त केला आणि ऐटीत वर चढले.

नव्वद.

रक्तातली साखरही भलतीच वाढलेली निघाली. "तहान लागते, हे का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काका हळूच म्हणाले, "गोळी बंद केली असती तुम्ही. ती माणसं परत आली असती. मला फार भीती वाटते हो त्यांची."

"एकदम बंद नाही करायची, आणि मनानं तर मुळीच नाही. या गोळीनं साखर वाढू शकते, म्हणून तर रक्त तपासायला सांगत होते. साखरेवर औषध देते. लागलंच तर गोळी हळूहळू बदलू. पण लपवायचं नाही."

घरी ताईनं ताट वाढलं. काकांनी एक घास खाल्ला आणि मान खाली घातली.

"ताई, तुझं जेवण कधीच खारट नव्हतं."

ताईनं डोळे पुसले आणि मिठाची बरणी पुढे सरकवली. "आणखी काय लपवलंयस?"

काका उठले, दुरुस्तीच्या पिशवीतून गोड बिस्किटांचे चार पुडे काढले आणि तिच्यापुढे ठेवले.