हवेची वाट आणि एक बाही

सुमनताईंनी नातवाच्या स्वेटरची बाही उसवली नसती, तर मी आज गावी परत गेलेला असतो. त्या आमच्या मालकांच्या बायको. मालक इथे कोइमतूरजवळच्या शेडमध्ये स्वतःच विमान बांधतात, आणि आठवीत शाळा सोडलेला मी त्यांचं पत्र्याचं काम करतो.

इंजिन फार तापत होतं, म्हणून हवा आत घेणारं तोंड मी चांगलं मोठं केलं. ते आणखीच तापलं. मालकांनी इंजिन बंद केलं, आणि मी मनातल्या मनात पिशवी भरली.

हवा कुठे वळते ते दिसावं म्हणून ताईंनी उसवलेल्या बाहीच्या लाल लोकरीचे तुकडे त्या तोंडाशी चिकटवले. इंजिन सुरू झालं, तर धागे आत वळायचे सोडून बाहेर, माझ्याकडेच बोट दाखवू लागले.

“अरे, पाहुण्याला आत बोलावलंस आणि मागचं दार बंद! हवा जाईल कुठे?” ताई म्हणाल्या.

हवा बाहेर पडायची मागची फट मी वाढवली. धागे मुकाट आत वळले, तापमानाचा काटा उतरला. मला वाटलं, परमुलखात माझंही असंच झालंय. काळज्या नुसत्या आत घेतो. त्या दिवशी ताईंजवळ सगळं बोललो.

“बोल, पण हात चालू दे,” त्या म्हणाल्या.

नातू अजून एकाच बाहीचा स्वेटर घालतो. दुसरी बाही एक दिवस मीच विणून देईन, दोन्ही टोकांना उघडी.