मारबतीसोबत धाडलेलं बोचकं

"तुमच्या नागपूरचा तो रंगीत उत्सव सांगा ना," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. रंगीत तो आहेच, नाही कशाला म्हणू? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाची भली मोठी पिवळी बाई, म्हणजे मारबत, निघते, दुसरीकडून काळी, मागे बडग्यांचे अक्राळविक्राळ पुतळे, गुलाल, ढोल आणि सगळ्या रस्त्याची एकच आरोळी: ईडापिडा घेऊन जा गे मारबत! मग ते सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. घसा बसेपर्यंत मीही ओरडले आहे.

सत्तरच्या दशकात आम्ही इतवारीत, मिरवणुकीच्या रस्त्यावरच राहायचो. एका वर्षी होळीच्या सुमारास माझ्या थोरल्या बहिणीला क्षय झाला. ताई आतल्या खोलीत गेली. तिची थाळी वेगळी, पेला वेगळा, गोधडी वेगळी. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू केल्या आणि आईला बजावलं, की खोकला थांबला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, वर्षभर तरी नाही.

गोळ्यांनी गुण आला. श्रावणात खोकला थांबला, गाल भरले आणि पोळ्याला तर ताईने पुरण वाटलं. आई येता-जाता तिच्या तोंडावरून हात फिरवायची.

पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी त्या उपटून मारबतीसोबत धाडायच्या, म्हणजे घरातली रोगराई त्यांना चिकटून जाते. आईने त्या सकाळी फांद्यांबरोबर ताईच्या दुखण्याचं सगळं सामान गोधडीत बांधायला घेतलं. थाळी, पेला, थुंकायचा डबा. शेवटी तिने फळीवरच्या गोळ्यांच्या बाटल्या काढल्या.

"माय, गोळ्या राहू दे वं," ताई म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं होतं."

"काहून राहू देऊ? दुखणं धाडून राहिलो आपण, अन् त्याचं सामान घरात ठेवाचं? म्हणजे वापस ये म्हणून सांगतल्यासारखंच झालं."

बाबा दाढी करत होते. त्यांनी आरशातून एकदा पाहिलं आणि वस्तरा पुन्हा गालावर फिरवला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिली तुही माय." आईने बोचकं स्वतःच्या हाताने बडग्याच्या गाडीवर टाकलं आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडली. इतक्या आनंदात मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

थंडीत खोकला परत आला, आणि या वेळी रक्त घेऊन आला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण आता त्या लागू पडेनात. आईने आपल्या जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी शिवली आणि ताईला पांघरली. उन्हाळ्यात त्याच गोधडीत ताई गेली. एकोणीस वर्षांची होती. मला आईचा राग आला, बाबांच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढच्या पोळ्याला आमच्या दारात पळस लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच काकू आल्या.

"ते गोधडी दे वं बाई, मारबतीत टाकून देऊ. घरात दुसरी पोरगी हाये तुह्या."

या वेळी काकूंचं बरोबर होतं. डॉक्टरांनीही गोधडी जाळायलाच सांगितली होती.

"नाही देत," आई म्हणाली. "मांगच्या साली देलं ना सारं."

ती ताईच्या खोलीत जाऊन बसली. रस्त्यावर मारबत आली होती आणि अख्खी गल्ली ओरडत होती, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! मी तिच्या मागोमाग जाऊन खिडकी लावून घेतली. वळून पाहिलं तर आईने त्या गोधडीत तोंड खुपसलं होतं आणि ती छाती भरून श्वास घेत होती, पुन्हा पुन्हा.